पोरीला इचारा

आण्णा, सोमवारी कुरियरनं मला इंग्लंडमधल्या एका कोर्टाला तुमच्याबद्दल लिहून पाठवायचं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला न सांगता, तुमच्या माघारी ते पाठवायचं माझ्या जिवावर आलंय. जेवणावर वासना नाही. घरच्यांना वाटतंय पित्त झालंय, आणि मीही त्यांना तसंच वाटू दिलंय.

माझ्या हाताखाली शिकलेली वकिली सोडून साक्षीदार कधी झालीस, असं तुम्ही विचाराल, म्हणून पहिल्यापासून सांगते. आता आपल्याकडच्या मुली देशोदेशी नांदायला जातात आणि घरची भांडणं त्यांच्यामागून विमानानं जातात. तिकडच्या न्यायाधीशाला आपला विवाह कायदा ठाऊक आहे असं कुणी धरत नाही. तो त्याला कुणातरी जाणत्यानं शपथेवर लिहून सांगावा लागतो. बोलावणं एका पक्षाकडून आलेलं असलं तरी सांगायचं ते खरं, मग ते कुणाच्याही अंगावर येवो. अशी मतं मी याआधी दिली होती, दत्तकाबद्दल वगैरे, पण ती पुस्तकं उघडून देता आली. हे काडीमोडीचं आहे.

मुलगी नेसरीकडची. पहिलं लग्न झालं, दोन्ही घरांचं बिनसलं, वडिलांनी तिला माघारी आणली. पंच बसले, काडी मोडली, मोकळी झाली म्हणाले. कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही. पुढे वडिलांनी इंग्लंडात नोकरीला असलेला मुलगा बघून दुसरं लग्न लावून दिलं, रीतसर, नोंदणीसकट. तिकडे तिला मुलगी झाली. आता त्या नवऱ्याला ती नको झाली आहे आणि त्याच्या वकिलानं सोपी वाट काढली आहे. म्हणे पहिलं लग्न कोर्टानं मोडलंच नव्हतं, तेव्हा दुसरं झालंच नाही. म्हणजे इतकी वर्षं संसार करून ती बायको नव्हतीच, पहिला नवरा असताना खोटं बोलून दुसरा केलेली बाई. आपला कायदा रूढीनं झालेली काडीमोड मानतो हे तुम्हीच मला शिकवलंत, पण ती रूढी जुनी हवी, आणि काडीमोड तिच्याप्रमाणे पुरी झालेली हवी. मुलीच्या वकिलांनी मला तेवढंच विचारलं आहे. त्यांच्या समाजात काडीमोड कशानं पुरी होते?

तिचे वडील आले होते, चंदगडचे काजू घेऊन. आले ते थेट बाईच्या खुर्चीत बसले. तुमची ती वेताची खुर्ची, मी माझं ऑफिस थाटलं तेव्हा हमालाच्या डोक्यावरून पाठवलेली. "वकील अक्का, आमची बाजू जरा दणकून लिवा," म्हणाले. मी सांगितलं, मी तुमची वकील नाही, तिकडच्या जजसाठी लिहितेय. "म्हंजे आमच्या इरोधात?" म्हटलं, कुणाच्याच विरोधात नाही. "असं कुठं असतंय व्हय?" ते म्हणाले. "माणूस हिकडं तरी असतंय, न्हायतर तिकडं तरी." काजू परत दिले तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. मला कुणाला हेच समजावता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आता मलाही ते नीट समजेनासं झालंय.

तुमच्या ऑफिसात त्या खुर्चीचा नियम होता. प्रकरण बाईचं असेल तर बाई खुर्चीत आणि बाप-भाऊ बाहेर बाकावर. मी नवी असताना एका मुलीचा नांदण्याबद्दलचा अर्ज तिच्या वडिलांचं ऐकून लिहिला होता. तुम्ही वाचलात, आधी कानडीत काहीतरी बोललात, ज्याचा अर्थ मला आजवर कुणी सांगितलेला नाही, आणि मग कागद माझ्यापुढे सरकवलात. "झ्याक लिवलंयस. पर ह्ये बापाचं नांदणं झालं. पोरीला इचारलंस?" मी मागे तुमच्या घरच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. काकूंनी काही न विचारता भाकरी आणि झुणका पुढे केला आणि म्हणाल्या, "खा. त्येंचा राग भाकरी व्हुईस्तवर टिकत न्हाय." खरंच टिकला नाही. थोड्याच दिवसांनी तुम्ही मला एसटीत घालून नेसरीच्या पुढच्या एका गावाला नेलंत. याच समाजातली काडीमोड होती आणि मुलीकडच्यांनी तुम्हाला ओळखीचे म्हणून बोलावलं होतं.

त्या घराचा पुढचा सोपा मला अजून दिसतो. दोन्हीकडचे म्हातारे घोंगड्यावर बसलेत, मधे कडब्याची एक काडी. मुलगी आत चुलीपाशी, दाराआडून तिच्या पातळाचा काठ तेवढा दिसतोय. थोरला पंच विचारतो, "मान्य हाय न्हवं?" मुलीचे वडील म्हणतात, "हाय." नवरा काडी उचलतो. तेवढ्यात तुम्ही कपबशी खाली ठेवता. "थांबा. पोरीला इचारा." नवरा काडी पुन्हा खाली ठेवतो. मग थोरला पंच म्हणतो, "आमच्यात असं न्हाय, वकीलसाहेब." आणि तुम्ही शांतपणे म्हणता, "मग आजपास्नं हाय." म्हातारा एकदा तुमच्याकडे, एकदा मुलीच्या वडिलांकडे बघतो. शेवटी दाराकडे तोंड करून विचारतो, आणि आतून "व्हय" येतं, इतकं बारीक की त्याला पुन्हा विचारावं लागतं. परतीच्या एसटीत तुम्ही झोपलात आणि मी तुमच्याकडे बघत बसले होते. माणूस असावं तर असं, असं मला वाटत होतं. अजून वाटतं.

पुढचं तुम्हाला आठवतच असेल. त्याच समाजातल्या, नवऱ्यानं टाकून दिलेल्या एका बाईची पोटगी तुम्ही मागितलीत आणि नवरा म्हणाला, आमची काडीमोड झालीय, हिचा माझा संबंध नाही. तुम्ही म्हणालात, बाईला कुणी विचारलंच नाही, तेव्हा रूढीप्रमाणे काडीमोड पुरी झाली नाही. आणि साक्षीला त्याच थोरल्या पंचाला आणलंत. "बाईला इचारत्यात का?" "इचारत्यात की." तो खोटं बोलत नव्हता. त्यानं विचारलं होतं. निकालात तसं उतरलं, बाईला पोटगी मिळाली, तुम्ही साऱ्या बाररूमला चहा पाजलात. तुमच्या शेजारी फायली धरून मी उभी होते आणि "आजपास्नं हाय" हे शब्द माझ्या मनातही आले नाहीत.

तोच निकाल इंग्लंडातल्या त्या नवऱ्याच्या वकिलानं शोधून काढला आहे. या मुलीला कुणी विचारलं नव्हतं, तिनंच तिच्या जबाबात तसं म्हटलंय. तुमचा निकाल धरला तर तिची काडीमोड अपुरी आणि दुसऱ्या नवऱ्याची ती बायकोच नाही. एका बाईला तुम्ही ज्या आधारावर उभं केलंत, तोच दुसरीच्या पायाखालून निघतोय. म्हणून मी पुन्हा त्या मुलखात फिरले, एसटीनंच. गावोगाव म्हातारे गाठले, म्हाताऱ्या गाठल्या. एक आजी हसायलाच लागली. "इचारतंय कोण? बाप बसलाय न्हवं तितं." सगळीकडे हेच. फक्त एका गावात पंचाचा मुलगा म्हणाला, आमच्यात विचारतात. कधीपासून, म्हटलं. "एक वकील आलता, तवापास्नं." मी त्याला पुन्हा विचारून ते वहीत लिहून घेतलं.

म्हणून मी मतात लिहिलं की बाईला विचारणं ही त्यांची जुनी रूढी नाही, ते एका गावात एका वकिलाच्या आग्रहानं सुरू झालं. तिकडून उलटे प्रश्न आले. कोण वकील? तुम्ही तिथं होता का? तुमचं त्यांच्याशी नातं काय? सोमवारच्या उत्तरात तुमचं नाव आहे, आण्णा, आणि तुमचं ते वाक्य जसंच्या तसं आहे. ते वाचून कुणी म्हणेल, या माणसानं रूढी घरी तयार केली आणि साक्षीदार पढवून उभा केला. तसं नव्हतं, हे मी लिहिलंय, पण शिष्येचं कोण ऐकतं? आणि त्याहून मोठी भीती ही की कदाचित मीच चुकतेय. तुम्ही त्या मुलखात वाढलात. तुम्ही आणखी कुठं, लहानपणी, विचारताना पाहिलं असेल आणि मला सांगितलं नसेल. आता ते कुणाला विचारू? काकूही गेल्या.

परवा दुपारी फोन वाजला. ती मुलगी होती, तिकडून. "मॅडम, मी तुमच्याशी बोलू न्हाय म्हणत्यात." म्हटलं, मग बोलू नका. "एकच सांगते. तवा मला इचारलं असतं न्हवं, तर मी न्हाय म्हटलं असतं. मला तितंच ऱ्हायाचं हुतं. त्यो बरा हुता." फोन कुणी आधी ठेवला ते आठवत नाही.

माझं मत तिला बायको म्हणून वाचवेल, कारण त्यात लिहिलंय की तिला विचारायची गरजच नव्हती. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. फोन आला होता हे मी कळवलंय आणि ती काय म्हणाली तेही. त्यानं रूढी बदलत नाही. पण आण्णा, मी तिचा जबाब वाचला, तिच्या बापाला भेटले, चार गावं पालथी घातली, आणि तिला मात्र काही विचारलं नाही. पक्षकाराशी परस्पर बोलायचं नाही असा नियम आहे आणि तो मी पाळला, हे मी सोमवारी शपथेवर सांगू शकते. तुम्हाला मात्र मला तसं सांगता येत नाही. नियम नसता तरी मी तिला विचारलं नसतं. ती काय म्हणेल, याची मला भीती वाटत होती.