अनुजाच्या तळहातावरचं लिंबू

प्रिय क्रांती,

फोन करायचा सोडून वहिनी कागदावर कुठे उतरली म्हणून हसशील. हसून घे. फोन लावला की तुझे दादा शेजारी येऊन बसतात, आवाज मोठा करायला लावतात, आणि माझ्या तोंडून तब्येतपाण्यापलीकडे काही निघत नाही. तुझ्या अनुजाचं लग्न आता जवळ आलं. नवरी मंडपाच्या दारात थांबणार, मामा दांडपट्टा फिरवत येणार आणि तिच्या तळहातावरचं लिंबू एका वारात दोन करणार. सगळ्या कागलला तू हे सांगून बसलीस. मला मात्र त्या लिंबाखालचा हात तेवढा दिसतो.

बिद्रीच्या व्याह्यांनी तोंडातून आग काढणारा कलाकार ठरवला, तेव्हा तू त्याची काय हजेरी घेतलीस! आधी कुठे खेळ केलेत, तिथल्या माणसांचे नंबर द्या, रॉकेल कुठे ठेवणार, मंडपाच्या कापडापासून किती लांब उभे राहणार, ओली पोती धरायला कोण असणार. शेवटी तो बिचारा म्हणाला म्हणे, “ताई, खेळ ठरवतायसा का पोरगी देतायसा?” पण तू केलंस ते बरोबरच. धोक्याचा खेळ आहे, विचारायलाच हवं. मग दादांनी लिंबू कापायचं ठरलं तेव्हा मी हळूच म्हटलं, लिंबू धरायला त्यांच्या आखाड्यातलं सरावाचं कुणी घेऊ या. तर तू उसळलीस, “वैनी, घरचा माणूस हाय की! मामाचा मान हाय त्यो, त्याला काय इचारायचं?” आपल्याकडे हे असंच. परक्याला शंभर प्रश्न आणि घरच्याला नुसता फेटा.

मी काही भित्री नाही, तुला ठाऊक आहे. आमच्या लग्नात ह्यांनी माझ्याच हातावरचं लिंबू कापलं होतं. तू करवली म्हणून माझ्या मागे उभी होतीस आणि डोळे मिटून घेतलेस. मी उघडे ठेवले होते. तळहाताला गार झुळूक लागली, बोटांवर रस ओघळला, बस्स. त्या माणसावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. वस्ताद म्हणून ते किती कडक! दोरी बांधल्याशिवाय रिंगण नाही, ओल्या फरशीवर खेळ नाही, डॉल्बी चालू असेल तर हत्यार म्यानातच. मागे एका मिरवणुकीत आखाड्यातल्या गुंडूला थोडी कणकण होती, तर त्याला हाताला धरून बाहेर काढलं. “अंगात कसर आसंल तर पट्टा धरायचा न्हाय,” एवढंच म्हणाले आणि त्याच्या जागी स्वतः उतरले.

त्याच माणसाच्या शर्टाची बटणं आता मी लावते. आधी मला वाटलं, लाडात येतात. मग कपातला चहा बशीत सांडायला लागला. मग भर उन्हाळ्यात उजवा हात खिशात, विचारलं तर म्हणाले, “काय न्हाय, अवघडलाय.” डॉक्टरचं नाव काढलं की ताट सरकवून उठतात. आखाड्यातल्या पोरांना काही कळलेलं नाही. पट्ट्याच्या खोळीत कोपरापर्यंत हात झाकलेला असतो ना, आतली थरथर बाहेर दिसत नाही. मला दिसते, कारण झोपेत तो हात माझ्या खांद्यावर असतो. खूप भीती वाटते गं. अनुजासाठी वाटते, आणि ह्यांच्यासाठीही.

आता का लिहायला बसले ते सांगते. परवा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली परड्यात हे एकटेच सराव करत होते. केळीचा खुंट मातीत रोवून त्यावर लिंबू ठेवलेलं. मी वरून बघत राहिले. वार झाला आणि खुंटाची अर्धी बाजू लिंबाखालून सपकन कापली जाऊन खाली पडली. लिंबू अख्खं होतं. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं, पडलेला तुकडा पायाने शेणाच्या ढिगाऱ्यात सारला आणि लिंबू उचलून खिशात टाकलं. संध्याकाळी जेवताना म्हणाले, “अनुजाला म्हणावं, मामाचा हात अजून तसाच हाय.” क्रांती, मी नको म्हटलं तर मला खोटं पाडायला म्हणून ते हट्टाने करतील. तू नाही म्हण. अनुजाची आई म्हणून म्हण. आगवाल्याला विचारलंस तसं समोर बसवून विचार, आणि आधी उजवा हात खिशातून बाहेर काढायला सांग. चिडतील, रुसतील, कदाचित लग्नात तुझ्याशी बोलणारही नाहीत. न बोलू देत. मामाने भाचीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत आणायचं असतं, तेवढा मान पुष्कळ झाला. आणि तेव्हा ह्यांचा हात थरथरला, तर बघणारे म्हणतील, मामाला भरून आलं.

तुझीच,
संयोगिता वहिनी