पूर्वाचा फॉर्म

१२ जानेवारी २००९, सोमवार
आज श्वास बघता बघता चक्क झोप लागली! तीही वर्गात. एम.एस्सी. नर्सिंगचं दुसरं वर्ष, थिसिसचा विषय – विद्यार्थिनींचा ताण आणि श्वासाची जाणीव. आणि शिकवणारीच डुलक्या खातेय! वीसजणी डोळे मिटून बसल्या होत्या म्हणून वाचले. फक्त पहिल्या वर्षाच्या पूर्वानं पाहिलं. नंतर हळूच म्हणाली, "झोपत जा ताई. मी कुणाला सांगत नाही."

१५ जानेवारी
आयसीयूत बारा तास. खोलीवर येऊन रडले. कारण? साबण संपला होता.

१८ जानेवारी, रविवार
विश्रांतवाडीला घरी. पप्पा रोज विहारात आनापानाला, म्हणजे श्वास बघायला बसतात. विचारलं, मन लागत नाही तेव्हा काय करता? "काही नाही. लागत नाही, हे बघतो." झालं! धाकटा भाऊ समाधान हिंजवडीच्या कंपनीत आहे. म्हणाला, "आम्हालाही मेडिटेशन देतात. एसी हॉलमध्ये, बिस्किटांसकट. टार्गेट मात्र तेवढंच!" पप्पा खूप हसले. मला हसूच येईना.

३ फेब्रुवारी
चार आठवडे संपले. मुलींनी ताणाचे फॉर्म पुन्हा भरले. गाईड मॅडमनी आकडे पाहिले. "फरक काहीच नाही. महिनाभर केलंत काय?" मग पूर्वाचा फॉर्म निघाला. आधी सगळ्यांत जास्त ताण, आता जवळजवळ शून्य! मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "हिच्यावर सविस्तर लिहा."
चला, एकीला तरी उपयोग झाला.

६ फेब्रुवारी
पूर्वा मेसमध्ये दिसत नाही. विचारलं तर म्हणे उपास. रोज कसला उपास?

९ फेब्रुवारी
हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना गाठलीच. मनगटं नुसती काडी झालीत. घास उतरत नाही म्हणाली. वॉर्डात हात थरथरतात, सुई टोचायला शीर सापडत नाही, सिस्टर सगळ्यांदेखत ओरडतात. वारज्याला घरी सांगायची सोय नाही – "त्यांना वाटतं, मी फार हुशार."
"अगं, मग फॉर्मवर सगळीकडे 'कधीच नाही' का लिहिलंस?"
"तुम्ही इतक्या दमलेल्या दिसता ताई. म्हटलं, निदान तुमचं काम तरी होऊ दे."
महिनाभर रोज तिच्यासमोर बसले. तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

१० फेब्रुवारी
मॅडमना सांगितलं – तो फॉर्म खरा नाही, धरता येणार नाही.
"मग निष्कर्ष काय लिहिणार?"
"फरक पडला नाही, असा."
त्यांनी तो फॉर्म गठ्ठ्यातून बाजूला काढला. मग म्हणाल्या, "लिहा तसं. आणि त्या मुलीला आधी डॉक्टरांना दाखवा."

११ फेब्रुवारी
पूर्वाला घेऊन मानसोपचार ओपीडीत गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "दोघींपैकी पेशंट कोण?"
दोन केसपेपर काढले.