दुधावरचं झाकण

४ जाने.
टोकावड्याला भजनी मंडळाची पेटी दुरुस्त केली. भाता फाटलेला, तासाभराचं काम. निघताना देवळासमोरच्या काकूंनी हाक मारली, "भाऊ, आमच्याकडंपन एक वाजाप हाय. बगता का?" माळ्यावरून गिटार काढली, गोणपाटात गुंडाळलेली. पोटाला भोक असतं तिथे चाळण! लाकूड फुटलं म्हणून कोणीतरी घरातलीच ठोकली असणार. हसू आलं. शहापूरला घेऊन आलो. एसटीत सगळे बघत होते.

५ जाने.
चाळणीचे स्क्रू काढले. मूर्ख मी. चाळण मुळातलीच आहे. आत गोल कठडा, वर काहीतरी बसत असणार, ते नाही. मोबाइलवर शोधलं. रेझोनेटर गिटार. पोटात पातळ अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, आवाज तीच मोठा करते. तीस वर्षं वाद्यं खोलतोय, असलं पोट पाहिलं नव्हतं. हात धुऊन आलो, मग पुन्हा हात लावला.

८ जाने.
काकूंना फोन. आतली वाटी कुठाय? "वाटी कसली? नऊ वर्सांमागं हे गेले, मग आत उंदीर शिरला, जावयानं खोलली. काय टाकलं, काय ठेवलं, म्हाईत नाय." यजमान कसाऱ्याला रेल्वेत. रिटायर होताना एका ड्रायव्हरने त्यांना ही गिटार दिली. भजनात मांडीवर आडवी घेऊन, तारांवर स्टीलचा पेला सरकवत वाजवायचे.
मग म्हणाल्या, "येक कान गेलाच, दुसरापन चाललाय. त्याच्या आत येकदा आयकव."
नवी वाटी बाहेरच्या देशातून. कधी येईल कोण जाणे. काकूंचा कान थांबणार आहे का?

११ जाने.
हेच समोर सांगावं म्हणून गेलो. चुलीपाशी चहा. मालशेजची एसटी गेली आणि बाजूला काहीतरी गुणगुणलं. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण.
"ते तसंच करतं. आमी म्हनतो, दुधाला राग आला."
उचललं. पापडाएवढं पातळ, राखेने घासून आरशासारखं. टिचकी मारली. देवा रे! हीच ती वाटी. नऊ वर्षं दुधावर बसून होती.
काकूंना दुधाची काळजी. पातेल्यावर ताटली ठेवून दिली.

१६ जाने.
वाटी बसली. एक तार छेडली तर कपाटाच्या काचा थरथरल्या. बायको आतून, "कोण आलंय?"
खरंच कोणीतरी आल्यासारखं वाटलं. सूर मात्र अंदाजाने लावलाय.

१९ जाने.
टोकावडे. वाजवली. काकूंनी चाळणीवर तळहात ठेवला, चांगला कान जवळ आणला. "वाजतंय. पन ह्यांचा सूर नाय हा."
मग ते सूर कशाला जुळवून लावायचे? लाजल्या. "माज्या हाकेला. मी जेवाया बोलवायची ना, त्या 'अवो'ला."
मग मारा की हाक एकदा.
"नऊ वर्सं नाय मारली रे." उठून आत गेल्या.
उगाच बोललो. गिटार मांडीवर, मी बसून. गोणपाट कुठे ठेवलं ते बघत होतो. तेवढ्यात मागच्या दारातून, शेताकडे तोंड करून, "अवोऽऽ, जेवाया याऽऽ!"
माझे दोन्ही हात बाजूला होते. वाटी आपणहून बोलली. एकच तार, हाकेच्याच सुरात. कुठली, ते बघायचं राहूनच गेलं.
काकू दारातून विचारत होत्या, "वाजलं का, भाऊ?"