परसातला ओढा

९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींची बदली पक्की झाल्याचं वाचलं. त्यांचं अभिनंदन कर, पण खरं सांगायचं तर मला आधी आईच आठवली. तू गावातून हललीस की ती त्या घरात अगदी एकटी. मागे ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, तेव्हा तू दोन घरं सोडून होतीस म्हणून तरी कळलं. तू तिला इकडे यायला तयार केलंस हे मोठंच काम झालं. फक्त ‘महिनाभर बघते, नाही करमलं तर परत येईन’ असं ती म्हणाली आहे, आणि आई बोलते ते करते हे तुला-मला ठाऊक आहे.

म्हणून मी एक उद्योग केला आहे. तिला तिकडचं काय सुटणार याचा विचार केला, तर मागच्या दाराला लागून वाहणारा ओढा डोळ्यांपुढे आला. म्हटलं, ओढाच करू. परसात खणलं, खाली जाड रबरी कापड अंथरलं, एका टोकाला टाकी पुरली. पंप टाकीतलं पाणी भिंतीजवळच्या उंचवट्यावर नेतो आणि ते पुन्हा वाहत टाकीत येतं. सोबत फोटो पाठवत आहे.

फोटो पाहून हसू नकोस. आपलं घराणं फरशीवाल्यांचं. बाबांनी सपाटी तपासायची पाणसळ हातात दिली तेव्हापासून लोकांच्या न्हाणीघरांना उतार काढण्यात माझा जन्म गेला. त्याच हातांनी ओढा केला, तो तसाच झाला. हिने पाहिलं आणि न्हाणीघर छान झालंय, आता दार कुठून बसवणार, असं विचारलं. शिवाय पाण्याचा आवाज बादली भरल्यासारखा येतो. बिचारी सारखी उठून नळ तपासते.

तू ओढ्याकाठची आहेस. चुकतंय कुठे ते सांग. आणि आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा लोभ आहेच, या उद्योगानंतरही तो टिकावा.

तुझा धाकटा

•

१७ फेब्रुवारी

चि. ओळंब्यास,
अ. उ. आ.

सगळं सरळ रेषेत लावायचास म्हणून लहानपणी तुझं नाव ओळंबा पडलं, ते उगाच नाही. फोटो पाहून मी हसले. हे शेजारी बसून वाचत आहेत म्हणून कबूल करते. अरे, दोन्ही काठांना एकाच मापाचे गोल गोटे, तेही सिमेंटात बसवलेले आणि ओळीत. शाळेची प्रार्थना सुरू आहे जणू. आणि पाणी वरच्या नळीतून सरळ निघून सरळ टाकीत. ओढा कधी सरळ जातो का?

तू लिहिलंस म्हणून परवा आपल्या ओढ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आईच्या मागच्या दारी नेहमीच्या दगडावर बसले, पाय पाण्यात सोडले आणि चहा गार होईपर्यंत पाहत राहिले. इतकी वर्षं समोर वाहतोय, पण मला विचारलं असतंस तर काही सांगता आलं नसतं.

तर ऐक. दगड जमिनीवर ठेवलेले नाहीत, अर्धेमुर्धे जमिनीत गेलेले आहेत. मोठे थोडे, मधले बरेच, आणि त्यांच्या फटींतून बारीक खडी. वळणाला बाहेरच्या काठावर पाणी आपटतं, तिथे मोठे दगड उघडे पडलेत. आतल्या बाजूला पाणी मंदावतं, तिथे वाळू साचते. ओढा कुठे रुंद होतो, कुठे आखडतो, आणि तो नेमका कुठून सुरू होतो ते दिसतच नाही. काठावर गवत पाण्यात लोळतं, त्यामुळे कडा अशी नसतेच. आवाजाचं म्हणशील तर पाणी एका उंचीवरून पडत नाही. ते जरा पडतं, दगडाखाली जातं, पुन्हा पडतं.

मुख्य म्हणजे त्यातलं काहीही सपाट नाही. तेव्हा पाणसळ कपाटात ठेव आणि कुलूप लाव.

आईला पत्ता नाही. आज काय एवढं बघतेस म्हणून तिने विचारलं, मी मासे म्हणून सांगितलं.

सूनबाईला आशीर्वाद सांग. माया आहे म्हणून बोलते, हे ध्यानात ठेव.

तुझी ताई

•

६ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं उखडलं. सिमेंट फोडताना बाबा आठवले, बसवलेलं काम फोडणाऱ्याला ते काय म्हणत ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. या वेळी दोर हवेत भिरकावला आणि तो पडला तसाच खणला. तरी पहिल्यांदा उठून जरासा सरळ केलाच. हिने हातातून काढून घेतला.

आता दोन वळणं आहेत. दगड गाडले. नळीचं तोंड एका मोठ्या दगडाखाली लपवलं आणि भोवती नेचे लावले, त्यामुळे पाणी जमिनीतून झिरपत असल्यासारखं वाटतं. रबरी कापडाची कड फार छळत होती. कुठून ना कुठून काळी जीभ काढायची. शेवटी ती दगडांच्या मागे वर वळवली आणि वर माती टाकून गवत लावलं. आवाजासाठी वरचा एक दगड पुढे ओढून खाली पोकळी ठेवली. आता बादली भरत नाही, पाणी आपल्याशीच बोलत असतं. ही नळ तपासायला उठत नाही.

काल शेजारचे डॉक्टर भिंतीवरून डोकावले आणि तुमचा पाइप फुटला आहे का, म्हणून काळजीने विचारलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहाला बोलावलं.

आई कधी निघते ते कळव. मला परीक्षेला बसल्यासारखं होतंय. तिला इथे राहावंसं वाटलं पाहिजे, ताई. ती पुन्हा त्या घरात एकटी पडली आणि कोणाला कळलंच नाही तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझा धाकटा

•

१४ मार्च

चि. ओळंब्यास,
अ. उ. आ.

नवा फोटो पाहिला. चुका काढायला बसले होते, एकही सापडली नाही. मला जरा वाईटच वाटलं.

आई रविवारी येते. आम्हीच आणून सोडू. पण आधीच सांगते, तिने एकच बॅग भरली आहे. गरम कपडे घेतले नाहीत, महिनाभराला कशाला लागतात म्हणाली. घराची किल्ली शेजारी ठेव म्हटलं तर ती कमरेच्या पिशवीतून काढायला तयार नाही. मी विषय सोडला. बोललं की ती जास्त घट्ट धरते.

तुझ्या ओढ्यावर माझी फार भिस्त आहे. नव्या गावी मला शांत झोप लागेल की नाही ते त्याच्यावर आहे. पाणी भरून ठेव.

तुझी ताई

•

३१ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सोडून गेलात त्याच संध्याकाळी आईला परसात नेलं. तिने उभ्या उभ्या ओढा पाहिला. छान केलास, म्हणाली. खराच वाटतो, असंही म्हणाली. मग जरा इकडेतिकडे पाहिलं आणि पाय दुखतात म्हणून आत आली.

त्यानंतर रोज तेच. दिवस उतरला की परसाच्या दारापर्यंत जाते, दाराला धरून उभी राहते आणि परत येते. खुर्ची नेऊन ठेवली, त्यावर बसली नाही. पाणी वाढवलं, कमी केलं, एक वळण मोडून पुन्हा केलं. दर वेळी छान आहे म्हणते. तिने चूक काढली असती तर बरं झालं असतं. परवा तिने परतीच्या गाडीची वेळ विचारली.

मी हरलो, ताई. आपला ओढा दगड न् दगड इथे आणला आणि तरी तो तिला परकाच आहे. तुला काही सुचत असेल तर लगेच लिही.

लोभ आहेच, आज त्याची जरा जास्त गरज आहे.

तुझा धाकटा

•

८ एप्रिल

चि. सौ. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नवं घर लागलं असेल. पडदे लावलेस का? जावईबापूंची तब्येत कशी आहे? इकडे सूनबाई मला काम करू देत नाही, एवढी एकच तक्रार आहे.

तुम्हा दोघांचा ओढ्याचा बेत मला पहिल्यापासून ठाऊक होता. ओढ्याकडे इतका वेळ टक लावून तू जन्मात पाहिलं नव्हतंस, आणि आपल्या ओढ्यात मासे कधी होते? पण पोरं आपल्यासाठी धडपडतात म्हटल्यावर गप्प बसले. मला बरं वाटत होतं.

ओढा फार सुरेख झाला आहे. पाहून वाटतं, इथे कधी माणूस आलाच नाही. तेच मला खुपत होतं आणि सांगता येत नव्हतं. त्याने एवढी मेहनत केली, त्यात खोट काय काढायची? परवा तो माझ्यासमोर येऊन बसला आणि काय चुकलं ते सांग म्हणून हट्टालाच पेटला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. तेव्हा विचारलं, की बाबा रे, मी बसू कुठे? पाय कुठे धुऊ?

मग त्याने तुझी पत्रं काढून मला वाचून दाखवली. तू सगळं लिहिलंस, वाळू, खडी, वळणं, गवत. आणि ज्या दगडावर बसून हे सगळं पाहिलंस तो तेवढा राहिला. तो तुला ओढ्यातला वाटलाच नाही, घरातला वाटला. त्यालाही वाचताना कळलं नाही. तुमचं दोघांचंही चुकलं नाही, तुम्ही त्याच्यावरच लहानाचे मोठे झालात.

मी त्या घरात नवी होते तेव्हा तुझ्या वडिलांनी तो बसवला. वाहत्या पाण्यात उभे राहून, पाणसळ लावून. दोनदा खचला, तिसऱ्यांदा राहिला. ओढ्यात कशाला हवी पाणसळ म्हणून मी हसले होते. तू रोज इथे बसणार, तुला कललेलं चालेल, मला नाही चालणार, असं ते म्हणाले. ते गेल्यावरही मी रोज तिथेच बसत आले. खुर्चीवर बसून तसं वाटत नाही, त्याला मी काय करू?

आता काम सांगते. किल्ली जावईबापूंच्या पत्त्यावर पाठवली आहे. सवडीने जाऊन माझे गरम कपडे, मोठं पातेलं आणि तो दगड सामानाच्या गाडीत घाल. दगडाला दोन-तीन गडी लागतील, कडा सांभाळायला सांग. इथे तुझ्या भावाने कपाटातून पाणसळ काढली आहे आणि पहिल्या वळणाशी जागा करून बसला आहे. मी या वेळी हसले नाही.

दगड उचलला की तिथे खड्डा दिसेल. तुला वाईट वाटेल, पण तो बुजवू नकोस. ओढा भरून टाकेल.

दोघं या, पाय धुवायला जागा आहे.

तुझी आई