उद्यावर टाकता आलं असतं

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळे ठीक आहेत. आईचा खोकला कमी आहे. जेवते, पण पानात काय वाढलंय याकडे लक्ष नसतं. तुमच्या खोलीची खिडकी मी रोज उघडते. चिमणीचे रंगीत खडू सापडले, पलंगाखाली गेले होते, पाठवते. तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग.

फोन न करता लिहितेय, कारण तुझा आवाज ऐकला की माझा धीर सुटतो आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. दोनदा तसंच झालं.

यान नीट चाललंय. दादा त्याला आमच्या केंद्राचं शेंडेफळ म्हणायचा. एवढंसं, प्रवासी बॅगेएवढं, आणि फ्रिजमधल्या दिव्याला लागते तेवढ्या विजेवर एवढ्या लांबून बोलणारं. त्याचं अंतर कसं मोजतात, हे तो चिमणीला सांगत होता, आठवतं? डोंगरासमोर हाक मारायची आणि ती परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. आम्ही इथून मोठ्या तबकडीतून, म्हणजे त्या उंच अँटेनातून, रेडिओचा सूर पाठवतो, यान तो तसाच माघारी धाडतं. त्यावरून ते कुठे आहे हे मी काढते. माझं काम एवढंच. चिमणी म्हणाली होती, "आणि यानाने हाक ऐकलीच नाही तर?" दादा म्हणाला, "मग आत्या रडते."

त्या दिवसाबद्दल तुला केंद्राच्या साहेबांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा मीही तिथेच बसले होते. यानाची दिशा सुधारायची होती, त्यासाठी अंतर कळणं भाग होतं, तबकडीचा ब्रेक अडकला आणि दादा कोणाला न विचारता वर चढला, असं ते म्हणाले. तू पदर तोंडाला लावून म्हणालीस, "निदान ह्यांच्यामुळे यान वाचलं." मी खाली मान घालून बसले.

वहिनी, तो विचारल्याशिवाय चढला नव्हता.

दुपारी वारा सुटला होता. आम्ही सूर पाठवून बसलो होतो, तो परत यायला वीसेक मिनिटं लागतात आणि तोवर तबकडी यानाच्या मागे हळूहळू वळत राहायला हवी. तेवढ्यात ती जागीच अडली. मी म्हटलं, "साहेब, आज राहू द्या. उद्या दुसऱ्या केंद्राची तबकडी मिळतेय."

"उद्यावर टाकायचं नाही. इंधन आधीच बेताचं आहे."

"एका दिवसाने फारसा फरक पडत नाही, मी काढून पाहिलंय."

"तू आकडे बघ, बाकीचं मी बघतो." आणि त्यांनी खाली तबकडीपाशी दादाला फोन लावला. स्पीकर चालू होता. "हाताने सुटतोय का बघ."

दादा म्हणाला, "वारा फार आहे, साहेब."

"दोन मिनिटांचं काम आहे रे."

दादा हसला. "दोन मिनिटांची कामं बरी माझ्याच वाट्याला येतात." फोन ठेवला.

थोड्या वेळाने तबकडी हलली. ब्रेक त्याने सोडवला होता. माझ्या पडद्यावर सूर आला, स्वच्छ, हवा होता तसा. मी खुर्चीतून उठून ओरडले, "आला! आला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग खालचा पहारेकरी धावत आला आणि दारातच उभा राहिला.

आमच्या टाळ्या चालू होत्या तेव्हा दादा खाली सिमेंटवर पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंही नसेल. हे खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, मला ठाऊक नाही. तुला खोटं सांगणार नाही.

आज चौकशी होती. मी सगळं सांगितलं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "भावाच्या दुःखात आहे, तिचं मनावर घेऊ नका." समितीच्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मनावर घ्यायलाच बसलोय आम्ही. पुढे बोला." मग त्यांनी स्पीकरवरचं बोलणं ऐकलेल्या दोघांना बोलावलं. एकाला काही आठवेना. दुसरा रडला आणि हो म्हणाला.

साहेबांना कामावरून दूर केलंय. मलाही, चौकशी संपेपर्यंत. यान आता दुसरं कोणी मोजेल. तबकडीला दादाचं नाव द्यायचं ठरलं होतं, तेही थांबवलंय. चिमणी शाळेत सगळ्यांना सांगून बसलीय, मला माहीत आहे. तिला काय सांगायचं हे मला सुचत नाही. उद्या हे सगळीकडे पसरेल, म्हणून आधी तुला माझ्याकडून कळावं.

आणि एक. हे लिहायचं नव्हतं, पण न लिहून भागणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या केंद्राच्या तबकडीने मोजलं. आकडा माझ्या आदल्या दिवसाच्या हिशेबाशी जुळला. दिशेची सुधारणाही त्यानंतरच केली. वहिनी, यान तसंही वाचलं असतं.

तुझ्याकडे धरून राहायला तेवढंच एक होतं आणि ते मी काढून घेतलं. रागाव. हवं तर बोलूही नकोस. फक्त चिमणीला माझ्यापासून तोडू नकोस.

तू मानलंस तर अजूनही तुझी,
नणंद