घरच्यासारख्या दोघी

दि. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वर्षभर पत्र नाही, म्हणून फुगली असशील. इकडे सगळे मजेत. धाकटीचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे ती फोटोत तोंड उघडत नाही.

एक काम आहे. यंदा जूनमध्ये आमची रंगकंपनी प्राइड महिना, म्हणजे समलिंगी जोडप्यांचा अभिमान महिना, दणक्यात साजरा करणार आहे. इंद्रधनुषी डबे, भिंतभर जाहिराती, ‘रंग आपल्या माणसांचा’ अशी ओळ. खरं जोडपं हवंय. मोठ्या साहेबांना मी अभिमानाने सांगून टाकलं की माझ्या घरातच आहे. तेव्हा तुझा नि तुझ्या मैत्रिणीचा छानसा फोटो आणि संमतीची सही पाठव. माझ्या बढतीचं घोडं यावरच अडलंय.

लोभ आहेच, तो वाढावा.
धाकटा

दि. ११ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आमची ही बिनपगारी रजा टाकून तीन महिने तुझ्या घरी राहिली. बाबांना भरवलं, कूस बदलली, चादरी धुतल्या. आल्यागेल्याला तू सांगायचास की एजन्सीची नर्स आहे. हिचा पेशाच तो, म्हणून खोटं खपलं. मी गप्प बसले, त्याची मला आजही लाज वाटते. आणि आता डबे खपवायला आम्ही आपली माणसं झालो होय?

सही देते. पण आधी तुझ्या सासूसासऱ्यांना आणि शेजाऱ्यांना स्वतःच्या तोंडाने सांग, ‘ती नर्स नव्हती, माझ्या बहिणीची जोडीदार आहे.’ मग खुशाल भिंतीवर लाव. ही तर फोटोसाठी साडीही काढून बसलीय, इतकी भोळी आहे.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.
ताई

दि. २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस. सासूबाईंचं ब्लडप्रेशर वाढलंय, त्यांच्या कानावर असलं काही आत्ता नको, असं बायकोचं म्हणणं पडलं. तू समजून घेशीलच.

तुझं पत्र मात्र वाया गेलं नाही. नावं गाळून साहेबांना वाचून दाखवलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचीच टीव्हीवर जाहिरात केली. आजारी वडील, मुलगी आणि त्यांना भरवणारी तिची जोडीदार. दोन मॉडेल आणल्या, अगदी घरच्यासारख्या दिसतात. मुलगा दाखवला नाही, अर्ध्या मिनिटात एवढी माणसं मावत नाहीत. तुझी सहीही लागली नाही. बढती झाली.

लोभ असाच राहू दे.
धाकटा

दि. ९ जून

चि. धाकट्यास,

तुझं अभिनंदन माझ्याने करवत नाही. तुझ्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

हिला तुझं पत्र वाचून दाखवलं. काढलेली साडी तिने घडी घालून आत ठेवली. मग एवढंच विचारलं, की त्या जाहिरातीतल्या बाईला तरी सगळ्यांबरोबर जेवायला बसवलंय का.

कळावे. लोभ मागत नाही.
ताई