विशेषणं वगळून केलेली वाटणी

मी, देसांका ग्रुबाच, निवृत्त बुद्धिबळ प्रशिक्षक, राहणार झ्रेन्यानिन, सर्बिया, स्वखुशीने आणि पूर्ण भानावर राहून हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांच्या दाखल्यात 'बुद्धी तल्लख' असं आहे. ते मी इथे उतरवलेलं नाही. तल्लख असणं वेगळं, भानावर असणं वेगळं. वाटणीला दुसरं पुरतं. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती बरीच आहेत, कारण दर वेळी एखादा शब्द टोचतो आणि मी पुन्हा लिहायला बसते.

कलम १. घराचा वरचा मजला मुलगी वुकोसावा (घरी वुका) हिला. तळमजल्यावरची क्लबची खोली, पट आणि घड्याळांसह, मुलगा ओग्न्येन याला.

माझे दिवंगत पती मिलिवोय यांनी ही खोली 'ज्याच्यात प्रतिभा आहे त्याला' असं चारचौघांत सांगून ठेवलं होतं. त्यांचा शब्द मी मोडते आहे, तेव्हा कारण देणं भाग आहे.

मिलिवोय चतुर होता. नगरपालिकेतून कुठलाही परवाना काढून आणायचा. पण पाहुणे जमले की राकिया दारूचा पेला उचलून म्हणायचा, "ही आमची वुका, प्रतिभावान! आणि हा ओग्न्येन, कष्टाळू हो, फार कष्टाळू." मी म्हणायचे, "मिलिवोय, पुरे." तो म्हणायचा, "अगं, कौतुकच करतोय ना!"

वुका तेरा वर्षांची असताना कुमार गटाच्या अंतिम डावात समोर एक अनोळखी मुलगी आली. डाव अडला. वुकाचा हात पटावर गेलाच नाही. घड्याळाची वेळ संपली, तरी ती तशीच बसून. परतताना गाडीत म्हणाली, "चाल चुकली असती तर मग मी कोण उरले असते?" त्या दिवसापासून तिने मोहऱ्याला हात लावला नाही.

ओग्न्येन हरत राहिला, खेळत राहिला, मास्टर झाला. तरी कोणी शाबासकी दिली की म्हणतो, "छे, मी नुसता राबतो. डोकं ताईचं." ते ऐकलं की ताई दार आपटून वर जाते. एका घरात राहून दोघांचं बोलणं 'लाकडं आली' आणि 'नळ गळतोय' एवढ्यावर आलं होतं.

कलम २. माझे प्रतिस्पर्धी प्रशिक्षक स्वेतोझार यांना सगळे हुशार म्हणतात. ते धूर्त आहेत. दोन्हींतला फरक त्यांच्या शिष्यांना विचारावा. त्यांनी एका भाषणात मला 'बाई असून हुशार' म्हटलं होतं. त्यातलं 'बाई असून' मी त्यांना परत करते. दुसरं काही देऊ नये.

कलम ३. मागच्या मसुद्यात मी 'माझी बुद्धिमान मुलगी' आणि 'माझा कर्तबगार मुलगा' असं लिहिलं होतं. रविवारी ओग्न्येनने तो कागद वाचला आणि लालबुंद झाला.

"आई, तू मला खोली देतेस की प्रशस्तिपत्र?"

"अरे, कर्तबगार चांगला शब्द आहे."

"म्हणजे बुद्धिमान नाही, एवढंच ना? बाबांनी कष्टाळू म्हणून मारलं, आता तू कर्तबगार म्हणून मार!"

वुका जिन्यातून ऐकत होती. खाली येत म्हणाली, "माझंही ते बुद्धिमान खोड. मी लिफ्ट दुरुस्त करते. तिथे मला कोणी विचारत नाही, बाई, तुम्ही बुद्धिमान आहात का. विचारतात, चालू झाली का."

ओग्न्येन फसकन हसला. किती तरी वर्षांनी तिच्यासमोर हसला असेल. वुका तशीच क्लबच्या खोलीत गेली.

"मांड."

"काय?"

"पट मांड. का विसरलास?"

मी खुर्ची ओढून बसले. वुका भराभर खेळली, बेफिकीर, जवळजवळ उद्धट. मग तिचा वजीर कोंडला गेला.

"गाढवा, हे कुठे शिकलास?"

"तूच शिकवलंस. शाळेत असताना."

तिने स्वतःच्या हाताने राजा आडवा केला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, ओग्न्येनही. ती म्हणाली, "बघताय काय असे? हरले. पुन्हा मांड."

तेव्हापासून मी बेचैन आहे. ह्याला काय म्हणायचं? अक्कल, धीर, कुवत? एकेक शब्द लावून पाहिला, एकही बसत नाही. म्हणून कलम १ मध्ये नुसती नावं ठेवली आहेत. खोली ओग्न्येनला, कारण ती रोज तोच उघडतो.

कलम ४. माझ्या मागे लोक जमतील, त्यांना रिवाजाप्रमाणे साखर घातलेले उकडलेले गहू द्यावेत. कोणाला बोलायचंच असेल तर मी काय केलं ते सांगावं. कशी होते, ते नको.

आणखी एक कलम मनात होतं, पण खाली दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं आहे. चाल परत घ्यायची की नाही, म्हणून. ओग्न्येन ओरडतोय, "हात लावलास की खेळायचं, ताई!" मला खाली जायला हवं. साक्षीदार ताटकळले आहेत. सही करते.

देसांका ग्रुबाच

साक्षीदार : ल्युबिंका वेसिन, शेजारीण (सही)
साक्षीदार : राडोवान च्युर्चिच, घड्याळजी (सही)

झ्रेन्यानिन, १४ ऑक्टोबर २०१९